ढोबळे बाईंचा बारीक दाणा

ढोबळे बाई कुणाच्या घरी गेल्या की आधी खिडकीकडे जायच्या. बाहेर बघायला नाही, चौकट बघायला. अ‍ॅल्युमिनियमची असेल तर मान वाकडी करून, उजेड तिरपा पडेल अशा बेतानं तिच्याकडे बघत राहायच्या. यजमानीणबाई पाण्याचा पेला घेऊन मागे उभ्या असायच्या. मग बाई वळून म्हणायच्या, "चांगली आहे. दाणा बारीक आहे." किंवा नुसतंच "हं" म्हणून पाणी प्यायच्या. आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा "हं" म्हणाल्या होत्या. माझ्या बायकोनं त्या एका "हं"चा राग कितीतरी दिवस धरला. मी धरला नाही, कारण चौकट आमच्याच कारखान्याची होती आणि बाईंचं चुकलेलं नव्हतं.

नागपूरजवळ हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना होता. अ‍ॅल्युमिनियम वितळवायचं, त्याचे मांडीएवढे जाड ओंडके ओतायचे, ते तापवून मोठ्या प्रेसनं पोलादी साच्यातून रेटायचे, की पलीकडून पाइप नाहीतर खिडकीची पट्टी सरसरत बाहेर येते. साठचं दशक सरत आलं होतं. मी साच्यांची ड्रॉइंग काढायचो. माझ्या टेबलाला लागून एक लाकडी फळी होती आणि फळीपलीकडे बाईंची प्रयोगशाळा. त्या आमच्या धातुतज्ज्ञ.

अख्ख्या शेडमध्ये बाईमाणूस म्हणून त्या एकट्याच. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट. काटोलकडच्या शेतकऱ्याच्या घरातल्या. मुलगी धातुशास्त्र शिकते म्हणजे नेमकं काय शिकते हे गावात कुणालाच सांगता यायचं नाही, म्हणून त्यांच्या आईनं स्वतःच ठरवून टाकलं होतं, "आमची प्रभा लोखंडाची डॉक्टरीण झाली." लोखंडाशी बाईंचा काडीचा संबंध नव्हता, पण आईला दुरुस्त करायला त्या गेल्या नाहीत. आडनावाची थट्टा मात्र जन्मभर ऐकली. आमचे मॅनेजर सबनीस साहेब पुण्याचे. पाहुण्यांशी ओळख करून देताना हमखास म्हणायचे, "आडनाव ढोबळे, काम दाणा बारीक करण्याचं." बाई दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसायच्या.

त्यांची भाषा म्हणजे आम्हाला हवामानाचा अंदाज होता. डोकं थंड असेल तेव्हा शुद्ध पुस्तकी मराठी. राग आला किंवा फार आनंद झाला की "मला"चं "मले" व्हायचं. शेडच्या दुसऱ्या टोकाहून "मले सांगा" असं ऐकू आलं की प्रेसवरचे रामाजी मेश्राम हातातली विडी विझवायचे आणि पुटपुटायचे, "आली बाप्पा गाडी काटोलची."

पाहुणे आले की सबनीस साहेब समजावून सांगत, "सोऱ्यातून शेव पडते ना, तसंच हे." बाईंना ही उपमा आवडत नसे. त्या मागून म्हणायच्या, "शेव पडली म्हणजे झालं का? तळावी लागते ना?" पाइप बाहेर आला तरी तो अजून कच्चा असतो, हे त्यांना सांगायचं असायचं. त्याला लगेच गार करायचं, मग बेताच्या आचेवर भट्टीत काही तास ठेवायचं, तेव्हा कुठे त्याच्यात बळ येतं. कमी ठेवला तर मऊ, जास्त ठेवला तर परत मऊ. आणि मुळात ओंडका ओततानाच त्यात बोरॉन-टायटॅनियमच्या टिकिया टाकायच्या, म्हणजे धातू गोठताना त्याचे दाणे बारीक पडतात. दाणा बारीक काहून पाहिजे, असं एकदा रामाजींनी विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "एका खोलीत चार पैलवान बसवा. कोपरे रिकामेच राहतात, आणि भांडण झालं की भिंत पडते. त्याच खोलीत चाळीस पोट्टे बसवा. गच्च. ढकला किती ढकलता ते." रामाजींना ते इतकं पटलं की खराब माल निघाला की ते लांबूनच ओरडायचे, "बाई, पैलवान आले!"

भट्टीवर त्यांचा जीव. भट्टी चालू असताना वीज गेली की त्या कासावीस व्हायच्या. एकदा त्यांनी ऑपरेटरच्या मागे लागून थेट खापरखेड्याच्या वीज केंद्रात फोन जोडून घेतला. तिथल्या इंजिनिअरवर पाच मिनिटं तोंडसुख घेतलं. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "बाई, आम्ही वीज तयार करतो, कापत नाही. कापणारे वेगळे." बाई म्हणाल्या, "मंग त्याईचा नंबर द्या ना गा!" त्यानं दिला, आणि वर सांगितलं, की त्यांनाही असंच बोला, आमचंही ऐकत नाहीत.

हे सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी, की पुढे जे झालं ते अशा बाईंच्या हातून झालं.

शहरात पोलिओ झालेल्या मुलांसाठी कुबड्या बनवणारी एक छोटी धर्मादाय कार्यशाळा होती. लाकडी कुबड्या जड पडतात म्हणून ते आमच्याकडून अ‍ॅल्युमिनियमचे पाइप न्यायला लागले. ऑर्डर लहान, पण सबनीस साहेबांना तिचं कौतुक होतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एक दिवस कार्यशाळेचे व्यवस्थापक मोडलेली कुबडी घेऊन आले. जरीपटक्याच्या बाजारात एक अकरा-बारा वर्षांची मुलगी नाली ओलांडत होती, तेव्हा कुबडी कडकन मोडली आणि ती उजव्या हातावर पडली. मनगट मोडलं.

तेवढं ऐकून आम्ही हळहळलो. बाईंनी मात्र एकच विचारलं, "दुसऱ्या कुबडीनं चालता येतं का तिला?" व्यवस्थापक नाही म्हणाले. दोन्ही पाय अधू होते. बाई तो तुकडा घेऊन आत गेल्या. ज्या मुलीचे पाय तिच्या हातात होते तिचा हात मोडला होता, हे आम्हाला तेव्हा कळलं.

फळीपलीकडून करवतीचा आवाज आला, मग घासण्याचा. बऱ्याच वेळानं त्यांनी मला हाक मारली. तुकडा कापून, गुळगुळीत करून कॉस्टिक सोड्यात बुडवला होता, आणि आम्लानं धुऊन काढला होता. असं केलं की दाणे नुसत्या डोळ्यांना दिसतात. पाइपाच्या बाहेरच्या कडेनं मोठमोठ्या खपल्यांसारख्या दाण्यांचं एक कडं होतं. कार्यशाळेत स्क्रूसाठी भोक पाडलं होतं तिथून चीर सुरू झाली होती आणि त्या मोठ्या दाण्यांच्या कडेकडेनं पुढे पळाली होती.

"पैलवान," मी म्हणालो.

बाई हसल्या नाहीत. "माझे आहेत," म्हणाल्या.

झालं होतं असं. त्याआधी काही आठवडे मुंबईहून येणाऱ्या टिकिया संपल्या होत्या. तेव्हा पडद्यांच्या दांड्यांचं काम होतं. दांडीला कोण लटकणार, म्हणून बाईंनी टिकियांशिवाय ओंडके ओतायला परवानगी दिली. दांड्या निघाल्या, थोडे ओंडके उरले. त्यांच्यावर खडूनं खूण करायची राहिली. नंतर कुबड्यांचे पाइप काढायचे निघाले तेव्हा तेच ओंडके प्रेसवर चढले. घाई होती म्हणून प्रेसही जोरात चालवली होती, त्यानं पाइपाची वरची कातडी जास्त तापली आणि तिथले दाणे आणखी फुगले.

सबनीस साहेबांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. साच्याचं काम होतं म्हणून मीही तिथे होतो. साहेब दुष्ट माणूस नव्हते. ते म्हणाले, "बाई, भोक चुकीच्या जागी पाडलं होतं, हे खरं आहे ना?"

"खरं आहे."

"मग तेवढंच सांगू आपण. खोटं काही बोलायचं नाही. फक्त पुढचं बोलायचं नाही."

बाई पुस्तकी मराठीतच बोलत होत्या. "साहेब, भोक पाडणारा सुतार माणूस आहे. त्याला दाणा कुठे दिसतो? मला दिसतो. म्हणून तर मला ठेवलंय."

"कंपनीवर येईल सगळं."

"कंपनीवर नका घेऊ. माझ्यावर घाला. मी जाऊन सांगते त्या लोकांले." शेवटच्या शब्दाला भाषा बदलली तेव्हा साहेबांनी पेन खाली ठेवलं. पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

जरीपटका मला माहीत होता आणि माझ्याकडे स्कूटर होती, म्हणून मी सोबत गेलो. मुलीच्या वडिलांचं, टेकचंद यांचं, कापडाचं दुकान होतं आणि दुकानामागेच घर. मुलगी पलंगावर बसली होती, हात प्लास्टरमध्ये. नाव कविता. बाई बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी आपल्या नागपुरी हिंदीत सांगितलं, "भाईसाब, जो पाइप टूटा वो मेरे हाथ से पास हुआ था. वर्कशॉपवालों की गलती कम है, मेरी ज्यादा है."

टेकचंदांना काही क्षण कळेचना. तक्रार घेऊन ते कुठे गेले नव्हते, आणि ही बाई घरी येऊन आपणहून चूक कबूल करते आहे. मग कळलं, तसा त्यांचा चेहरा लाल झाला. "तो अब मैं क्या करूँ बहनजी? आपको चाय पिलाऊँ? रोज गोद में उठा के ले जाता हूँ बच्ची को. इतनी बड़ी लड़की. वो शरम से रोती है."

बाई ऐकत राहिल्या. मान खाली नाही, वर नाही, त्यांच्याकडे सरळ. बोलून बोलून ते थकले, तेव्हा म्हणाल्या, "बराबर है आपका." आणि आम्ही निघालो. चहा नाही, पाणी नाही. मी तर पळायच्याच बेतात होतो. उंबऱ्याशी आलो तेव्हा मागून मुलीचा आवाज आला.

"आंटी, नयी कब मिलेगी? जून में स्कूल है."

बाई थांबल्या. "जून के पहले," म्हणाल्या. स्कूटरवर कारखान्यापर्यंत माझ्या खांद्यावरची त्यांची पकड सैल झाली नाही.

त्यानंतरचा उन्हाळा आमच्या शेडमध्ये कुणी विसरणार नाही. एक तर नागपूरचा मे महिना, त्यात भट्ट्या, त्यात ढोबळे बाई. उरलेले सगळे ओंडके त्यांनी परत वितळवायला लावले. टिकिया आल्याशिवाय भट्टीपाशी कुणाला फिरकू देईनात. प्रेस सावकाश चालवायची, म्हणजे कातडी तापत नाही. आणि पाइप बाहेर आला की तिथल्या तिथे पाण्यात. इथे रामाजी बिथरले. तापलेला लांब पाइप एकदम पाण्यात पडला की वेडावाकडा व्हायचा. रामाजींनी असा एक पाइप उचलून बाईंसमोर धरला.

"बाई, हा पाइप आहे का जिलबी आहे?"

"एका बाजूनं पाणी लागून राहिलं म्हणून वाकते तो, रामाजीभाऊ. चारही बाजूनं लागलं पाहिजे."

"मंग काय पाइपाले आंघोळ घालू का?"

बाई त्या वाकड्या पाइपाकडे बघत राहिल्या. "हाव," म्हणाल्या. "आंघोळच घालाची."

दुसऱ्या दिवशी रामाजी आणि बाई दोघं मिळून लोखंडी नळ्यांना भोकं पाडत बसले होते. त्या नळ्या प्रेसच्या तोंडाशी चौफेर लावल्या. पाइप मधून यायचा आणि चहूकडून फवारा. पहिलाच पाइप बऱ्यापैकी सरळ आला तेव्हा रामाजींनी त्याला नमस्कार केला. तेवढ्यात टाकीतलं पाणी संपलं, ती गोष्ट वेगळी. मग बाईंनी वापरलेलं पाणी गाळून परत टाकीत चढवायची सोय करून घेतली. त्यासाठी साहेबांशी कितीदा भांडल्या ते फळीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं.

पाइप झाले, भट्टीत पक्के झाले, कापून बघितले, दाबून बघितले. तरी बाईंचं समाधान होईना. त्यांनी आपल्या उंचीच्या कुबड्या करून घेतल्या आणि त्यांच्यावर चालायला लागल्या. शेडमध्ये, आवारात, कँटीनमध्ये. कंपनीच्या बसमध्येही तशाच चढल्या. बर्डीच्या थांब्यावर एक म्हातारे गृहस्थ बाहेरून बघत होते, ते ड्रायव्हरला म्हणाले, "थांबा ना भाऊ, बाईले चढू द्या नीट. काय झालं वं पोरी?" बाई दरवाजातून म्हणाल्या, "मले काही नाही झालं काका, पाइप तपासून राहिली!" आजोबांनी त्यांच्याकडे अशा काही दयेनं बघितलं, की बसभर हशा पिकला. बाईंच्या बगला सोलवटल्या होत्या. हे मला माझ्या बायकोनं सांगितलं, तिच्याकडून त्या खोबरेल तेल घेऊन गेल्या होत्या. त्या "हं"चा राग त्या दिवशी संपला.

कविताचं प्लास्टर निघालं, मनगट बरं झालं, आणि शाळा सुरू व्हायच्या आत बाई कुबड्या घेऊन गेल्या. मी पुन्हा सोबत. टेकचंद दुकानातून उठले नाहीत. कवितानं कुबडी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि उंबऱ्याच्या दगडावर दणकन आपटली. आम्ही दचकलो. ती बाईंच्या डोळ्यांत बघत होती.

"ये टूटेगी?"

मला वाटलं, बाई नाही म्हणतील. कुणीही नाहीच म्हणालं असतं. बाई तिच्यासमोर खाली बसल्या. "देख बेटा, दुनिया में हर चीज टूटती है. पर ये टूटने के पहले मुड़ेगी. तेरे को दिखेगा. मुड़ी दिखी तो उस पे चलना मत. मेरे को बुलाना."

पोरगी कुबड्या बगलेत घेऊन उभी राहिली आणि दुकानातून थेट रस्त्यावर गेली. टेकचंद उठून तिच्यामागे धावले, अर्ध्यावर थांबले. ती नालीपर्यंत गेली, थांबली, आणि नाली ओलांडून पलीकडे उभी राहिली. टेकचंद आमच्याकडे वळून बघत नव्हते. पण नोकराला म्हणाले, "दो चाय बोल."

पुढे दर वर्षी कविता आमच्याकडे यायची. मुलगी वाढत होती, कुबड्या आखूड पडायच्या. नव्या कुबड्यांची उंची बाई स्वतः बसवायच्या. दोघींचं बोलणं हिंदीत सुरू व्हायचं आणि कुठेतरी मराठीत शिरायचं. चौथ्या-पाचव्या वर्षी ती एकदा अवेळीच आली, सायकलरिक्षातून. हातात एक कुबडी मधोमध वाकलेली. रस्त्यात एका हातगाडीचा धक्का बसला होता आणि तिचं सगळं वजन त्या एका कुबडीवर आलं होतं.

"मुड़ी, आंटी," ती म्हणाली. "टूटी नहीं. मैं बैठ गयी धीरे से."

बाईंनी तो वाकलेला पाइप हातात घेतला. वाकलेल्या जागी बोट फिरवलं, चीर आहे का बघितलं. नव्हती. आणि त्या एकदम खो खो हसायला लागल्या. "अवं माय! रामाजीभाऊ, पाहा ना, वाकला पण मोडला नाही! माह्या पोट्ट्याईनं धरून ठेवला!" रामाजी धावत आले. शेडमधले सगळे जमले. हसता हसता बाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि तसाच थोडा वेळ धरून ठेवला. आम्ही आपापल्या कामाला गेलो.

ऐंशीनंतर कारखान्याचे मालक बदलले. नव्या मालकांना फक्त खिडक्यांच्या पट्ट्या हव्या होत्या. मऊ मिश्रधातू, प्रेस जोरात, माल भराभर बाहेर. कुबड्यांसाठी वेगळे ओंडके, वेगळी भट्टी, फवारा, हे त्यांना परवडणारं नव्हतं, आणि त्यांच्या बाजूनं पाहिलं तर त्यांचं चूकही नव्हतं. सबनीस साहेब तोवर पुण्याला परत गेले होते. बाई दोन-तीनदा भांडल्या. मग भांडायच्या थांबल्या. एक दिवस फळीपलीकडून मला म्हणाल्या, "मी अमरावतीला चालले. पॉलिटेक्निकमध्ये शिकवणार आहे." अगदी शुद्ध मराठीत. त्यावरून समजलो, ठरलेलं आहे.

जाण्याआधी त्यांनी नव्या मालकांकडे एकच गोष्ट मागितली. कुबड्यांच्या मिश्रधातूचे उरलेले ओंडके वाया घालवू नका, त्यांचे पाइप काढू द्या, कार्यशाळा ते घेऊन जाईल. मालक हो म्हणाले. शेवटच्या आठवड्यात रामाजींनी प्रेस सावकाश चालवली, फवारा सोडला, आणि बाई भट्टीपाशी खुर्ची टाकून बसल्या. त्या दिवसांत वीज एकदाही गेली नाही. बाई म्हणाल्या, "आता मी जाऊन राहिली तर वीजवाल्याईले दया आली."

पाइप न्यायला कार्यशाळेचा टेम्पो आला. लहानसा होता, पाइप मागून हातभर बाहेर आले. टोकाला बांधायला काही नव्हतं म्हणून रामाजींनी आपला लाल गमछा सोडून बांधला. बाईंना आम्ही म्हटलं, पुढे ड्रायव्हरजवळ बसा. त्यांना ते पटलं नाही. रस्ता खराब आहे, पाइप एकमेकांवर आपटतील, पोचे पडतील, म्हणाल्या. पदर खोचून मागेच चढल्या आणि पाइपांच्या ढिगाशेजारी फळीवर बसल्या. मी म्हणालो, "येत जा बाई नागपूरला." त्या काहीतरी बोलल्या, पण इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही.

टेम्पो फाटकातून निघून हिंगणा रोडला लागला. आम्ही हात हलवत होतो. बाईंनी हात हलवला नाही. दोन्ही हातांनी त्यांनी पाइप कवटाळून धरले होते. खड्डा आला की त्या पाइपांवर ओणव्या व्हायच्या, आणि मग पुन्हा नीट बसायच्या.